टेनिससाठी डंबेल घ्यावा, ट्यूब की सपाट पट्टी?

कुमठा नाक्याच्या कोर्टवर सकाळी पोरांना सोडायला आलेले पालक मला हमखास विचारतात, "सर, ह्याला डंबेल घेऊ का ते रबर घेऊ?" रबरातही दोन प्रकार आहेत : दोन्ही टोकांना मुठी असलेली पोकळ ट्यूब आणि नुसती सपाट पट्टी. माझं मत आधीच सांगतो. टेनिससाठी पहिले पैसे ट्यूबवर घाला.

कारण खांदा. सर्व्हिस मारताना छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू हात पुढे फेकतात. चेंडू सुटला की त्याच वेगात निघालेल्या हाताला आवरायचं काम खांद्यामागच्या लहान स्नायूंवर येतं. रोज सर्व्हिस मारून पुढचे स्नायू तयार होत जातात, मागचे मात्र मागेच राहतात. त्यांना कोर्टवर उभ्या उभ्या ताण द्यायचा, तर डंबेल कामाचा नाही. तो फक्त खाली ओढतो. कोपर कमरेशी ठेवून हात बाहेर फिरवला, तर डंबेल म्हणजे नुसतं धरलेलं ओझं. त्याचा उपयोग व्हायला कुशीवर आडवं व्हावं लागतं. ट्यूब जाळीच्या खांबाला कोपराच्या उंचीवर अडकवली की ती आडवी ओढते, आणि भार नेमका हवा तिथे येतो. जड हवी तर एक पाऊल मागे सरका, हलकी हवी तर पुढे.

हा व्यायाम करताना कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी धरा. टॉवेल तर आपल्या सोलापूरचाच. तो खाली पडला, तर कोपर सुटलं म्हणून समजा. हात बाहेर न्यायचा सहज, पण परत आणायचा हळू, मनात तीन मोजत. ते परत येणंच जास्त महत्त्वाचं, कारण सर्व्हिसनंतर हे स्नायू असेच ताणले जात हाताला ब्रेक लावतात.

वॉर्मअप आणि ताकदीचा व्यायाम यांची गल्लत मात्र करू नका. खेळण्याआधी कोर्टला दोन-तीन चकरा, मग हलक्या ट्यूबवर 10-12 वेळा, एकच फेरी. खांदा गरम व्हावा, थकू नये. ताकदीसाठी 15च्या दोन-तीन फेऱ्या, त्या खेळ संपल्यावर. आधीच दमलेल्या खांद्याने सर्व्हिस मारणारं पोर दिसलं की माझा जीव खालीवर होतो.

सपाट पट्टी स्वस्त, हवी तेवढी कापून घेता येते आणि बॅगेच्या कप्प्यात मावते. घोट्यांभोवती बांधून आडवी पावलं टाकायला तिच्यासारखं काही नाही. पण घामाने ती हातातून सटकते, आणि मुठीला गुंडाळली तर काचते. थेराबँडची पिवळी पट्टी ताणून दुप्पट केली की साधारण 1.3 किलो, लाल 1.7 आणि हिरवी 2.1 किलो ओढ देते. दहा-बारा वर्षांच्या पोराला पिवळी किंवा लाल पुरे. दुसऱ्या कंपनीचा लाल याच ताकदीचा असेल असं नाही, म्हणून दुकानात स्वतः ओढून बघा.

मोठ्या माणसाच्या मांड्यांना लवकरच रबर कमी पडतं. तिथे डंबेलच घ्या. लोखंडाला उन्हाचंही भय नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर जातो, आणि रबर ऊन-उष्णतेने कुजतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझी ट्यूब आठवडाभर स्कूटरच्या डिकीत राहिली. मुठीजवळ केसासारखे बारीक तडे पडले होते. ते दिसूनही मी ती ओढली. तुटून आलेलं टोक डोळ्याच्या बोटभर खाली लागलं. तेव्हापासून ट्यूब घरात, कपाटात असते. रोज पोरांच्या हातात देण्याआधी मी ती थोडी ताणून, मुठीपासून मुठीपर्यंत बोटांनी चाचपतो. एक जरी तडा लागला, तरी ती त्याच दिवशी कचऱ्यात जाते.