नदी नासवली तर दाद कुठे मागायची: प्रदूषण मंडळ की हरित न्यायाधिकरण?

कन्हानचं पाणी नागपूरच्या नळांना येतं. त्या नदीकाठी मागच्या पावसाळ्यात माझे पाय घोट्यापर्यंत राखेच्या चिखलात रुतले. वाळल्यावर तो सिमेंटसारखा कडक झाला, घासूनही निघेना. तेव्हापासून या दोन वाटा मी नीट समजून घेतल्या.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय इथेच, सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात आहे. तक्रारीला वकील लागत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळ कंपनीची वीज आणि पाणीही तोडू शकतं. पण एक मेख आहे. आपण बाटलीत भरून नेलेलं पाणी त्या कायद्याखाली खटल्यात पुरावा ठरत नाही. मंडळाच्या माणसानेच रीतसर नोटीस देऊन नमुना घ्यावा लागतो. तो उशिरा आला, तर नाला तोवर स्वच्छ वाहत असतो! म्हणून तक्रार लेखी द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं आपलं खंडपीठ पुण्यात. लांब आहे, कागदपत्रं जास्त लागतात, मुदतही कडक: साधा अर्ज ६ महिन्यांत, भरपाईचा ५ वर्षांत. मात्र ज्याचं पीक बुडालं किंवा विहीर नासली, त्याला भरपाई इथेच मिळू शकते आणि कंपनीची चूक सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नसतो.

मी आधी मंडळाकडे जाईन. पण ६ महिन्यांची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवीन.