स्पेशल बी.एड. (आयडी): कॉलेज बघून घ्या, मग पैसे वसूल

दोन-तीन जणींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. स्पेशल बी.एड., म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठीचं बी.एड., करावं का, तर माझ्या मते हो, पण कॉलेज बघून. अभ्यासक्रम आरसीआयने (भारतीय पुनर्वास परिषदेने) ठरवलेला असतो त्यामुळे तुम्ही चेंबूरला हाशू अडवाणीला करा नाहीतर जुहूला एसएनडीटीच्या स्पेशल एज्युकेशन विभागात, कागदावर चौकट बरीचशी तीच. खरा फरक पडतो प्रॅक्टिकलला कुठली मुलं मिळतात आणि तुम्ही शिकवताना मागे बसून बघतं कोण, ह्यानेच.

अ‍ॅडमिशन घेतानाच स्पेशलायझेशन निवडायला लागतं. बौद्धिक दिव्यांग (आयडी), कर्णबधिर, अंध, लर्निंग डिसॅबिलिटी वगैरे. जिथे सीट मिळाली तिथे घुसू नका प्लीज, कारण पुढे आरसीआयच्या रजिस्टरला, म्हणजे सीआरआरला, तुमची नोंद त्याच कॅटेगरीत होते आणि नोकरीच्या जाहिरातीत तीच बघतात. कर्णबधिर मुलांसोबतच काम करायचं ठरलं असेल तर बांद्रा रेक्लमेशनची अली यावर जंग इन्स्टिट्यूट आधी बघून या. मी आयडी घेतलं कारण आधी एका शाळेत शॅडो टीचर (वर्गात एका मुलासोबत बसून त्याला मदत करणारी) होते आणि रोज वाटायचं की मी ह्या मुलाला नुसती सांभाळतेय, शिकवत काहीच नाहीये.

थिअरीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आमच्या कॉलेजात पीपीटी वाचून दाखवायचे, पुस्तकं जवळपास सगळी इंग्रजीत, परीक्षा मराठीत लिहायची तर शब्द आपले आपणच जुळवायचे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार पाठ केले, झालं.

पण प्रॅक्टिकल! तिथे हा कोर्स सोनं आहे. पहिली गोष्ट म्हणजे टास्क अ‍ॅनालिसिस. शर्टाचं बटण लावणं आपल्याला एक काम वाटतं, इथे त्याचे तुकडे पाडायला लावतात, काज धर, बटण चिमटीत पकड, कड आत सरकव, दुसऱ्या बाजूने ओढ, आणि मग शिकवायचं उलट्या बाजूने. सगळं आपण करायचं, फक्त शेवटचं ओढणं मुलाने. म्हणजे दरवेळी काम पूर्ण होतं ते त्याच्या हातून, आपल्या नाही! मग हळूहळू एकेक पायरी मागे जायचं. बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. ऐकायला साधं वाटतं पण जे पोरगं कपड्यांना हात लावू द्यायचं नाही ते स्वतःहून शर्ट घेऊन माझ्यापुढे उभं राहिलं तेव्हा मला कळलं की आधी मी त्याला रोज पहिल्याच पायरीवर नापास करत होते.

दुसरं, एबीसी चार्ट. मुलगा पाटी फेकतो, तर फेकण्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते नुसतं लिहीत जायचं. आठवडाभर लिहिल्यावर दिसतं की लिहायला सांगितलं की पाटी उडते, पाटी उडाली की बाई बाहेर पाठवतात, म्हणजे त्याची लिखाणातून सुटका. शिक्षा म्हणून आपण जे देतोय ते त्याला बक्षीस आहे! हे नॉर्मल बी.एड.वाल्यांना पण शिकवायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाला काय येतं, काय नाही हे तपासायला एफएसीपी नावाची चेकलिस्ट वापरतो, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची, त्यातून आयईपी, म्हणजे त्या एका मुलासाठीचा शिकवण्याचा आराखडा, बनतो. चेकलिस्ट चांगलीच आहे पण थोडं डोकं वापरा, पंढरपूरच्या मुलाला मुंबईच्या मुलाचीच उद्दिष्टं कशाला.

आता वैताग. जर्नल, जर्नल, जर्नल. पाठ टाचणं हाताने, केस स्टडी हाताने, वर टीएलएमसाठी (शिकवायच्या साहित्यासाठी) कार्डशीट, वेल्क्रो, लॅमिनेशन असा खर्च जो फीमध्ये कोणी धरत नाही. आणि आमच्याकडे टीएलएमचे मार्क सजावटीला मिळायचे, मुलाला उपयोग झाला का हे विचारलंच नाही कोणी. त्यात कॉलेजची स्वतःची विशेष शाळा नव्हती, मग प्रॅक्टिकलला दुसऱ्यांच्या शाळेत पाहुण्यासारखं जायचं, आज स्नेहसंमेलनाची तालीम, उद्या मुलं कमी, असं. म्हणून अ‍ॅडमिशनआधी हे विचाराच, शाळा स्वतःची आहे का, आणि एका मुलासोबत सलग किती आठवडे काम करायला मिळतं.

नोकरीचं म्हणाल तर चित्र अर्धवट आहे. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलं की प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 स्पेशल टीचर हवा, वरच्या वर्गांना 15 मागे 1. 2025 मध्ये परत राज्यांना सुनावलं की पदं जाहीर करा. प्रत्यक्षात समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतले बरेच स्पेशल टीचर वर्षानुवर्षं कंत्राटावरच राहिले. शिवाय आपल्याकडे विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि नेहमीच्या शाळा शालेय शिक्षणाकडे, त्यामुळे कुठली भरती कुठून निघेल ह्यावर दोन्हीकडे लक्ष ठेवायला लागतं. मुंबई-पुण्यात प्रायव्हेट शाळांचे रिसोर्स रूम (जिथे अशा मुलांना वेगळी मदत मिळते ती खोली) आहेत, तिथे काम लवकर मिळतं, पगार मात्र शाळेशाळेवर. सीआरआर नंबर दर 5 वर्षांनी रिन्यू करायचा असतो, त्यासाठी सीआरईचे, म्हणजे सेमिनार वगैरे करून मिळणारे, पॉइंट्स लागतात, सेमिनारची सर्टिफिकेटं फेकू नका.

5 पैकी साडेतीन देईन. एम.एड. स्पेशल लगेच करू का असं विचारणाऱ्यांना, नको. कॉलेजात शिकवायचं असेल तर ते लागतंच, पण आधी दोन-तीन वर्षं वर्गात काढा, नाहीतर तुम्हीही पुढच्या बॅचला पीपीटीच वाचून दाखवणार.