शिऱ्याला वाटी, केकला काटा

सातकपी वडी कुठल्याही वाटीने बिघडत नाही. बेसन, ओलं खोबरं, दूध, तूप प्रत्येकी एक वाटी आणि साखर तीन वाट्या. वाटी आमटीची घ्या नाहीतर मोठी, वड्या कमी-जास्त होतील इतकंच. शिरा, उपमा, इडलीचे तीनास एक तांदूळ-उडीद, सगळ्यांचं तसंच. वाटी शेवटपर्यंत तीच ठेवली की झालं. भाकरीच्या पिठाला पाणी किती, हे हाताला कळतं, आणि जुन्या तांदळाला जास्त पाणी लागतं हे काही काटा सांगत नाही. एवढाच स्वयंपाक असेल तर वजनकाटा घेऊ नका.

अडतं ते अंड्यापाशी. कृतीत दोन कप मैदा, एक कप साखर, दोन अंडी असतात. आपण कपाऐवजी घरातली 160 मिलीची वाटी वापरली, तर मैदा आणि साखर एक-तृतीयांशाने घटतात, अंडी मात्र दोनच राहतात. प्रमाण तिथेच मोडलं. बरं, कप तरी एक आहे का? अमेरिकी कप साधारण 240 मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा 250 चा, जपानचा 200 चा. ऑस्ट्रेलियात टेबलस्पूनसुद्धा 20 मिलीचा, आपल्या संचात तो 15 चा असतो.

मैद्याचं दुखणं वेगळं. चमच्याने अलगद भरून वरून सपाट केला तर 240 मिलीच्या कपात 120 ते 125 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून काढला तर 140-150 पर्यंत जातो. नानकटाईत अंडं नसलं तरी हा फरक सोसत नाही: मैदा जास्त झाला की ती भुगा होते, कमी पडला की ताटलीत पसरते. म्हणून कपाचे ग्रॅम करून देणाऱ्या तक्त्यातला मैद्याचा आकडा मी डोळे मिटून घेत नाही. लिहिणाऱ्याने कप कसा भरला होता, हे तक्त्याला कुठून कळणार? मी 120 पासून सुरुवात करते आणि पीठ बघून चमचा-चमचा वाढवते. कृतीत कप आणि ग्रॅम दोन्ही दिले असतील, तर ग्रॅमच धरते.

जे दाबलं जात नाही, त्याचं रूपांतर मात्र खुशाल करा. त्याच कपात पाणी 240 ग्रॅम, साखर 200, तेल 220 च्या आसपास, मध 340. लोणी 227 ग्रॅम, आणि ते कपात ठासत बसण्यापेक्षा 100 ग्रॅमच्या पाकिटावरून कापणं कितीतरी सोपं. किसलेला गूळ आणि ओलं खोबरं यांचा तक्ता तर बघूच नये, कारण मोकळं भरलं की दाबून, यावर सगळं अवलंबून. गिरणीतून आत्ता आलेली कणीक आणि आठ दिवस डब्यात बसलेली कणीकही एका वाटीत सारखी मावत नाही.

आपली मापटी आणि पायल्याही घनफळाचीच मापं होती, तेव्हा वाटी आपल्या हातात बसलेली आहे यात नवल नाही. तरी दिवाळीत आपण पोहे आणि रवा किलोनेच मोजतो!

काटा घ्यायचाच असेल तर 5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅमची नोंद दाखवणारा आणि भांडं ठेवून शून्य करता येणारा घ्या. परात ठेवल्यावर आकडा झाकला जाणार नाही, हे दुकानातच बघा. पाव चमचा खाण्याच्या सोड्यासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. ते वजन जेमतेम ग्रॅमभर, तिथे मापाचा चमचाच बरा.

काटा आला की पहिलं काम, नेहमीची वाटी त्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. मग रोजच्या सवयीने साखर, रवा, मैदा भरून वजनं लिहून ठेवा. माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय: पाणी 160, साखर 135, बारीक रवा 110, मैदा 85.