काजूच्या बागेत बॅटरीवरची करवत

गेल्या दोन हंगामांत काजूच्या बागेची विरळणी आणि न्हाणीच्या चुलीसाठी लाकूडफाटा, ही दोन्ही कामे मी 36 व्होल्टच्या, 14 इंची पट्टीच्या बॅटरी करवतीवर केली आणि लहान बागायतदाराने ती अवश्य घ्यावी, असे माझे मत झाले आहे. पेट्रोलमध्ये तेल मिसळणे नाही, दोरी ओढून दमणे नाही. कळ दाबली की साखळी फिरते आणि सोडली की थांबते, त्यामुळे दोन फांद्यांच्या मध्ये यंत्र शांत असते व खाली उभ्या असलेल्या गड्याला दिलेली हाक त्याला स्पष्ट ऐकू जाते. मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

मनगटाएवढ्या ओल्या फांद्या ती सहज कापते. वाळलेल्या ऐनाच्या ओंडक्यात मात्र बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून दुसरी भरलेली बॅटरी हाताशी हवीच. साखळीला तेल इथेही लागते. एकदा माझ्याकडून टाकी कोरडी राहिली, तेव्हा पट्टी तापून काळवंडली आणि कापातून पिठासारखा बारीक भुसा पडू लागला. गोल कानशीने एकेक दात घासून घेतल्यावर पुन्हा जाड, चपटे कपचे उडू लागले.