खेळायला आठ जण जमणार: कॅरम, कॅटन, टिकिट टू राइड की कोडनेम्स?

परभणी असो, लातूर असो की नांदेड, शनिवारी संध्याकाळी खेळायला जमायचं ठरलं की सगळ्यात भारी खेळ कोणता यावरच वाद रंगतो. त्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. माणसं नक्की किती? आणि ती एकदम येणार की दुकान बंद करून, क्लास सुटल्यावर एकेक करत? साडेसातला बोलावलेली मंडळी साडेआठपर्यंत येत राहणार असतील तर अर्धे खेळ इथंच बाद होतात.

कॅरमला उशिरा येणाऱ्याचं काहीच अडत नाही. चौघं बसतात, एक बोर्ड, म्हणजे एक डाव, साधारण दहा-पंधरा मिनिटांत संपतो, हरलेली जोडी उठते, पुढची बसते. नियमानं गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो. पण आठ जणांत तो पुरा खेळत बसलात तर बाकीचे चौघं मोबाइल काढणार. म्हणून दर बोर्डाला जोडी बदला. राणीला कव्हर कधी द्यायचं, फाऊल झाला तर किती सोंगट्या परत ठेवायच्या, हे पहिल्या स्ट्राइकआधीच बोलून घ्या. गल्लीगल्लीत नियम बदलतात आणि भांडण नेमकं तिथंच होतं. खेळायची जागा ७४ सेंटिमीटरची असलेला बोर्ड घ्या. लहान बोर्डावर सराव झालेला हात मोठ्यावर चुकतो. स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर नको. दिवा बोर्डाच्या मधोमध वरून टांगलेला हवा, बाजूच्या ट्यूबलाइटमध्ये खेळणाऱ्याच्याच हाताची सावली पडते.

कॅरमची खरी अडचण म्हणजे तिथं हाताची सवय जिंकते. रोज खेळणारे दोघं एकाच जोडीत आले तर दुसऱ्या जोडीला आपली पाळी यायची वाट बघण्यापलीकडे काम उरत नाही. जोडीत एक पक्का, एक कच्चा असाच ठेवा.

कॅटनचं उलटं आहे. क्लाउस टॉयबर यांचा १९९५ सालचा हा जर्मन खेळ हातापेक्षा डोक्यावर आणि जिभेवर चालतो. वस्त्या-रस्ते बांधायला लागणाऱ्या लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज यांच्या पत्त्यांची देवघेव मोंढ्यातल्या सौद्यासारखी रंगते. बोलघेवड्या मंडळींना हाच द्या. मात्र मूळ डबा तीन किंवा चार जणांचाच. पाचवा आला तर विस्तारसंच वेगळा विकत घ्यावा लागतो. आणि एकदा फासे पडले की मधूनच कोणाला बसवता येत नाही. नवखे असतील तर समजावण्यासकट दोन तास धरा. नऊनंतर नवा डाव मांडूच नका.

नवख्यांचा डाव बिघडतो तो सुरुवातीच्या मांडणीत. फाशांची बेरीज पटावरच्या ज्या आकड्याशी जुळते, त्याच्या शेजारी वस्ती असलेल्याला माल मिळतो. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ आणि ८ या बेरजा पाच-पाच वेळा येतात, २ आणि १२ एकेकदाच. समुद्रकाठची जागा छान दिसते म्हणून कोणी २ किंवा १२ शेजारी वस्ती टाकतो आणि मग तासभर रिकाम्या हातानं बसतो. त्याला पहिल्या दोन वस्त्या मांडताना मदत करा, मग हवं तर लुटा. दुसरा फटका ७ चा. ही बेरीज सगळ्यात जास्त येते आणि ती आली की सातपेक्षा जास्त पत्ते असलेल्याला निम्मे परत द्यावे लागतात. साठवून ठेवणाऱ्यांना हे आधी सांगितलं नाही तर रुसवे होतात.

टिकिट टू राइड (२००४) हा नकाशावर रेल्वेमार्ग घेऊन शहरं जोडायचा खेळ; तो शिकवायला दहा मिनिटं पुरतात. पाळी आली की तीनपैकी एकच काम करायचं: रंगीत पत्ते उचला, ते देऊन मार्ग घ्या किंवा नवी तिकिटं (कोणती दोन शहरं जोडायची ते सांगणारे पत्ते) काढा. दोन ते पाच जण, तासाभराचा खेळ. घरातली दहा वर्षांची मुलं आणि आजोबा एकत्र बसणार असतील तर आम्ही डोळे झाकून हाच सुचवू. नकाशा अमेरिकेचा, शहरांची नावं इंग्रजीत, पण तिकिटावर ठिकाण छोट्या नकाशातही दाखवलेलं असतं. पिवळ्या दिव्याखाली केशरी आणि लाल पत्त्यांत घोळ होतो, तेव्हा रंगाऐवजी पत्त्यावरची खूण बघा. एकेका रेल्वेडब्याचे सहा मार्ग मिळून सहाच गुण होतात, सहा डब्यांच्या एकाच मार्गाला पंधरा. अपुऱ्या तिकिटाचे गुण शेवटी वजा होतात, हेही सुरुवातीलाच सांगा.

आठ-दहा जण एकाच वेळी हवे असतील तर या चार खेळांत कोडनेम्सच उरतं: दोन गट, प्रत्येकाचा एक सूचक सूचना देतो आणि बाकीचे मांडलेल्या शब्दांतून आपल्या गटाचे शब्द ओळखतात. विकतचे शब्द इंग्रजीत असतात, तेव्हा मराठी चिठ्ठ्या घरीच करा: पान, कळ, हार, माळ, नाव, तार, घाट, रस असे दोन-तीन अर्थांचे शब्द. शंभर लिहिले की चार डाव होतात. २५ चिठ्ठ्या पाच बाय पाच मांडा. किल्लीच्या कागदावर, म्हणजे कोणता शब्द कोणाचा ते दाखवणाऱ्या तक्त्यावर, सुरू करणाऱ्या गटाची ९ घरं, दुसऱ्याची ८, तटस्थ ७ आणि काळं (ते निवडणारा गट लगेच हरतो) १. सूचना म्हणजे एक शब्द आणि एक आकडा (त्याला किती चिठ्ठ्या जुळतात तो), बस. दोन्ही सूचक एकाच बाजूला बसतात आणि किल्ली फक्त त्यांनाच दिसते. त्यांनी चेहरा मात्र कोरा ठेवायचा. एकानं भुवई उडवली की डाव फुकट.

उन्हाळ्यात कूलरचं तोंड भिंतीकडे वळवा. ओलसर हवेनं कॅरमची पावडर दमट होते, सोंगटी अर्ध्यात अडते आणि लोक वर आणखी पावडर ओततात. त्याऐवजी बोर्ड कोरड्या फडक्यानं पुसून चिमूटभरच टाका. कागदी चिठ्ठ्या तर त्या हवेत टिकतच नाहीत. जाड पुठ्ठ्याच्या करा. चिवडा-भजी डाव संपल्यावर. पत्त्याला तेल लागलं की तो पाठीवरूनही ओळखू येतो.