मुलांच्या घरगुती ग्रंथालयासाठी ‘स्टोरीवीव्हर’: मराठी संग्रहाचा परिचय

वाचनाची गोडी लागलेले मूल चित्रांचे वीस पानी पुस्तक दहा मिनिटांत संपवते आणि लगेच दुसरे मागते. ही मागणी पुरवता येईल इतकी खरेदी दर महिन्याला करणे बहुतेक घरांना झेपत नाही. त्यामुळे कमी खर्चात मुलांसाठी घरी ग्रंथालय उभे करू पाहणाऱ्या पालकांनी ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळाचा मराठी विभाग बारकाईने पाहावा, असे मी आग्रहाने सुचवतो. बंगळूरच्या ‘प्रथम बुक्स’ या ना-नफा प्रकाशनसंस्थेने २०१५ साली ८ सप्टेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, ते सुरू केले. आज तेथे तीनशेहून अधिक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात.

या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुल्या केलेल्या असल्यामुळे लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांचा नामनिर्देश कायम ठेवून त्या कोणालाही छापता येतात, वाटता येतात आणि आपल्या बोलीत आणता येतात. ज्यांच्या घरी मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलली जाते, त्यांना या सवलतीचे मोल वेगळे सांगायला नको. आजीने सांगितलेल्या शब्दांत तीच चित्रे पुन्हा वाचता येणे, ही सोय विकतच्या पुस्तकात सहसा मिळत नाही.

गोष्टींची विभागणी चार पायऱ्यांत केलेली आहे. पहिल्या पायरीच्या गोष्टी २५० शब्दांच्या आत संपतात, दुसरीच्या ६०० पर्यंत आणि तिसरीच्या १५०० पर्यंत जातात, तर चौथीच्या त्याहून मोठ्या असतात. निवड करताना ही विभागणी उपयोगी पडते, पण मराठीपुरते तिच्यावर विसंबून चालत नाही. बाराखडी नुकतीच हाताशी आलेल्या मुलाला वाक्य छोटे आहे की मोठे, यापेक्षा जोडाक्षरे किती आहेत याची अडचण अधिक असते. चार शब्दांच्या वाक्यात ‘स्वयंपाकघर’ आले, की ते मूल तेथेच अडते. उलट जोडाक्षर नसलेले आठ शब्दांचे वाक्य ते सहज पार करते. म्हणून पायरीचा आकडा पाहिल्यावरही पालकांनी गोष्ट एकदा स्वतः मोठ्याने वाचावी. भाषांतराची पारखही त्याच वाचनात होते. संकेतस्थळ सर्वांसाठी खुले असल्याने भाषांतरकार अनेक आहेत आणि त्यांचा हात सारखा नाही. काही गोष्टी मुळात मराठीतच लिहिल्या असाव्यात इतक्या सहज उतरल्या आहेत, तर काहींत वाक्यांचा सांधा इंग्रजीचाच राहिला आहे. मोठ्याने वाचताना आपली जीभ जेथे अडखळते, ती गोष्ट बाजूला ठेवावी. संग्रह एवढा मोठा आहे की अशी काटछाट परवडते.

छपाईचा हिशेब मात्र नीट करायला हवा, कारण ‘विनामूल्य’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. बहुतेक गोष्टींची पाने आडवी असतात, त्यामुळे ए-फोर कागदावर एकाखाली एक अशी दोन पाने घेऊन कागद मधोमध आडवा कापला, की वहीच्या अर्ध्या आकाराचे सुबक पुस्तक तयार होते. डाव्या बाजूला दोन पिना मारल्या की काम झाले. छपाई एकाच बाजूला करावी. पाठपोट छापून कागद कापला तर पानांचा क्रम बिघडतो, आणि कोरी राहिलेली बाजू मुलाला स्वतःची चित्रे काढायला मिळते. बारा-चौदा पानी गोष्टीला असे सहा-सात कागद लागतात. आमच्या भागात रंगीत छपाईला कागदामागे १० रुपये पडतात, म्हणजे एका पुस्तकाचे ६०-७० रुपये झाले, आणि तेवढ्या पैशांत चांगल्या कागदावरचे पातळ छापील पुस्तक विकत मिळू शकते. काळ्या-पांढऱ्या छपाईचा खर्च याच्या एका लहान भागात भागतो. परंतु गडद रंगांनी भरलेली चित्रे त्यात काळी ठिक्कर पडतात, म्हणून रेघांच्या चित्रांच्या गोष्टीच तशा छापाव्यात.

यामुळे माझ्या मते या संग्रहाचा खरा उपयोग निवडीसाठी आहे. पुस्तक विकत घेण्याआधी ते आवडेल की नाही हे दुकानात उभ्या उभ्या ठरवावे लागते, आणि मुलाने एकदा चाळून कोपऱ्यात टाकलेल्या पुस्तकाचे पैसे वाया जातात. येथे मात्र दहा गोष्टी पडद्यावर एकत्र बसून वाचाव्यात, मूल जी पुन्हा पुन्हा मागेल ती ‘प्रथम बुक्स’च्या छापील पुस्तकांत मिळत असल्यास विकत घ्यावी आणि नसल्यास छापून घ्यावी. पडद्यावरचे वाचन हे कपाटातल्या पुस्तकाला पर्याय ठरत नाही, कारण फोन मोठ्यांच्या हातात असतो आणि पुस्तक मूल आपणहून, हवे तेव्हा उचलू शकते.

या जोडीला नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील मराठी पुस्तके घ्यावीत. केंद्र सरकारने १९५७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेची पुस्तके पातळ आणि स्वस्त असतात. पिना मारलेल्या पातळ पुस्तकांना कणा नसतो, त्यामुळे ती मोठ्यांच्या कपाटासारखी उभी लावली तर मुलाला एकही ओळखता येत नाही. मुखपृष्ठ समोर दिसेल अशी, मुलाच्या छातीच्या उंचीवर बांधलेल्या दोरीला चिमट्यांनी अडकवली, तर त्यांना हात लागतो.

आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना मात्र ‘स्टोरीवीव्हर’ लवकरच अपुरे पडते. चौथ्या पायरीवरही सलग, प्रकरणांत विभागलेली कादंबरी सहसा मिळत नाही आणि मराठीत त्या पायरीच्या गोष्टी तुलनेने कमी आहेत. या वयासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक पाहावे. ते १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. त्यांतील कथा, कोडी आणि माहितीपर लेख काळ्या-पांढऱ्या छपाईतही चांगले वाचता येतात.