मराठी लग्नाच्या इंट्रो टेम्पलेटपायी ७,१९९ रुपये गेले

लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. (इंट्रो म्हणजे लग्नाच्या व्हिडिओच्या सुरुवातीचं नवरा-नवरीच्या नावांचं ॲनिमेशन, आणि टेम्पलेट म्हणजे त्याची तयार फाइल, नुसती नावं बदलायची.) बाकीच्यांना 'एवढ्यात कसा फसला' असं वाटेल. वाटू दे.

आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनमध्ये मराठी टाइप करताना काय होतं ते आपल्या लाइनमधल्यांना माहीत आहे. रफार भलतीकडे, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरांचे तुकडे. म्हणूनच टेलिग्रामवर 'मराठी वेडिंग इंट्रो, मात्रा तुटणार नाहीत, फक्त नाव बदला' असं दिसलं की हात आपोआप पुढे जातो. पॅक ४९९ रुपयांचा. सीझन तोंडावर, पार्टीला, म्हणजे लग्नाच्या घरच्यांना, शुक्रवारी इंट्रो दाखवायचा होता. ४९९ रुपयांसाठी कोण चौकशी करत बसतं?

पैसे गेल्यावर पॅक विकणाऱ्या साहेबांचा मेसेज आला, "सर, टेक्स्ट लॉक आहे, नावं आम्हीच टाकून देतो, १,२०० होतील." दिले. मग प्रीव्ह्यू आला. सोनेरी कमळ उमलतं, गणपती येतो, खाली नवरा-नवरीची नावं. घरच्यांना दाखवला, सगळे खूश.

आता सगळ्यात जास्त जळतं ते सांगतो. त्या प्रीव्ह्यूत कमळावरून, गणपतीवरून प्रकाशाची तिरीप सरकते. नावांवर मात्र ती पडतच नाही, अक्षरांच्या मागून निघून जाते! कॅमेरा पुढे सरकतो आणि नावं ढिम्म जागच्या जागी. टेम्पलेटमधलं टेक्स्ट असं वागतच नाही, तयार एमपी४ वर वरून चिकटवलेलं टेक्स्ट असं वागतं. माझं आयुष्य एडिटिंगच्या टाइमलाइनवर गेलंय आणि हे मला दिसलं होतं. दिसलं, आणि मनात म्हटलं, प्रीव्ह्यू आहे, कमी क्वालिटीत काढला असेल. मोबाइलच्या स्क्रीनवर, मांडवात उभं राहून तुम्हीही हेच म्हटलं असतं.

पुढे फॉन्ट लायसन्सचे २,५०० आणि 'रेंडर की'साठी, म्हणजे फाइलमधून व्हिडिओ काढायच्या किल्लीसाठी, ३,०००, परत मिळणारे म्हणे. फॉन्ट होता बलू. तो ओपन फॉन्ट लायसन्सवर फुकट मिळतो, मुक्ता फॉन्टसारखाच, धंद्यात वापरला तरी एक पैसा नाही. पण मराठी फॉन्टचे पैसे मोजायची सवय आपल्याला डीटीपीच्या काळापासून लागलेली, त्यामुळे शंका येणार कुठून? आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये रेंडर की नावाचा प्रकारच नसतो. असली मागणी आली की तिथेच ब्लॉक करा.

शेवटी झिप आली. एईपी, म्हणजे आफ्टर इफेक्ट्सची प्रोजेक्ट फाइल उघडली तर 'एडिट टेक्स्ट' नावाचं कॉम्प (कॉम्पोझिशन, जिथे लेयर रचतात) रिकामं, मेन कॉम्पमध्ये एकच एमपी४, बाकी सगळीकडे फुटेज मिसिंगचे रंगीत पट्टे. विकणाऱ्या साहेबांचा नंबर बंद. पार्टीचा ४,००० ॲडव्हान्स परत करावा लागला तो वेगळाच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कसाबसा फोन लागला, पोचपावतीचा नंबर मिळाला. मग ठाणं. तिथे पहिला प्रश्न, "इंट्रो म्हणजे काय?" समजावलं. दुसरा, "मग फाइल मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" रिकामी पेटी मिळाली तरी माल मिळाला, असा हा हिशोब. हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा, असा सल्ला वर. जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे गेलो तर ते म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. ठाणं म्हणालं, आरोपी बाहेरच्या राज्यातला दिसतो, आमची हद्द नाही. हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. हे मी म्हटल्यावर ठाण्यातल्या साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आरोपी मीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला किमान रकमेची अट कुठे लिहिली आहे, कुणी दाखवा. बँकेत तर एकच वाक्य: पिन तुम्हीच टाकलात ना? हो, टाकला. फसवणूक म्हणतात ती यालाच! चोर खिशातून काढून नेतो, ठग आपल्या हातून घेतो.

टेम्पलेट घेताना प्रोजेक्ट पॅनेलचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. टेक्स्ट लेयरवर डबल क्लिक करून त्याला समोर नाव बदलायला लावा. खरा माणूस अर्ध्या मिनिटात दाखवतो. आणि मात्रांसाठी कुणाला पैसे देऊ नका: जुनं व्हर्जन असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा, नव्या व्हर्जनमध्ये तेच इंजिन आपोआप असतं; फॉन्ट युनिकोड घ्या. तक्रार करणार असाल तर चॅट डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट आणि यूटीआर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा) नंबर काढून ठेवा. माझे अर्धे मेसेज त्या ठगाने दोन्हीकडून उडवले.

"त्याच यूपीआय आयडीवर अजून तक्रारी आल्या तर बघू," असं ठाण्यात सांगितलंय. त्या कमळ-गणपतीच्या प्रीव्ह्यूवर ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी, ४९९ असले तरी, आपापली तक्रार नोंदवा आणि पोचपावतीचा नंबर मला कळवा.